घोडा आणि स्वार: दोघांतलं नातं चित्रात कसं आणावं

घोडेस्वाराच्या बहुतेक चित्रांत खरं तर दोन चित्रं असतात. एक घोड्याचं, एक माणसाचं, आणि दुसरं पहिल्यावर नेऊन ठेवलेलं. दोन्ही आपापल्या जागी सुरेख, पण एकमेकांची खबर दोघांनाही नाही. मग नातं दाखवायचं म्हणून चित्रकार चेहऱ्यांकडे वळतो. स्वाराच्या ओठांवर हसू येतं, घोड्याच्या डोळ्यांत ओलावा येतो, आणि चित्र नुसतं गोड होऊन बसतं.

घोडा आणि स्वार एकमेकांशी चेहऱ्याने फारसं बोलत नाहीत. स्वाराला घोड्याचा चेहरा दिसतच नाही. त्याला दिसतात दोन कान आणि मान. त्यांचं बोलणं चालतं ते बैठकीतून, पोटऱ्यांतून आणि लगामातून. म्हणून चित्रातही नातं तिथेच काढावं लागतं. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत. साधं रेखाटन तुम्हाला जमतं, असं धरून चाललो आहे.

आधी नुसतं बघा

जिथे घोड्यांना रोज फिरवतात अशा जागी जाऊन बसा. पहिल्या दिवशी चित्र काढायचंच असा हट्ट नको. लहान वही आणि मऊ पेन्सिल पुरे. मोठा पांढरा कागद वाऱ्यावर फडफडला की घोडा बिचकतो, आणि त्याचा त्रास पाठीवरच्या माणसाला होतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं; अगदी कपाळासमोरचा छोटा पट्टा आणि शेपटीमागचा भाग तेवढा दिसत नाही. त्यामुळे मागून जवळ जाऊ नका. बाजूला, त्याला दिसाल अशा ठिकाणी, थोडं लांब बसा.

बघायचं काय? एकच घोडा आणि एकच स्वार निवडा आणि तीन प्रश्न घेऊन त्यांच्याकडे पाहत राहा. स्वाराने काही केलं की घोड्याच्या शरीरात सगळ्यात आधी काय हलतं? घोड्याने काही केलं की स्वाराच्या शरीरात काय हलतं? आणि दोघंही काहीच करत नसतात तेव्हा लगाम कसा असतो? उत्तरं शब्दांतच लिहा. ‘वळायच्या आधी डावा कान मागे गेला’ अशी एक ओळ दहा घाईच्या रेखाटनांपेक्षा नंतर जास्त उपयोगी पडते.

फोटो जरूर काढा, पण स्वतःचेच वापरा आणि लांबून काढा. फोन तोंडाजवळ नेऊन काढलेल्या फोटोत डोकं भलंमोठं आणि मागचा भाग चिमुकला दिसतो. तसा फोटो उतरवला की प्रमाणाचा सगळा गोंधळ कागदावर येतो. कॅमेरा घोड्याच्या धडाच्या मध्याच्या उंचीवर धरा, मागे सरका आणि झूम वापरा.

क्षण कोणता, ते आधी ठरवा

‘घोडा आणि त्याचा स्वार’ हा विषय झाला, क्षण नव्हे. एका वाक्यात लिहा: घोडा पाण्यापाशी थबकला आहे आणि स्वार वाट बघतो आहे. किंवा: काम संपलं, लगाम सोडला, घोड्याने मान खाली लांबवली. किंवा: स्वार नुकताच उतरला आहे आणि मानेच्या मुळाशी खाजवतो आहे. हे शेवटचं दृश्य मला पोझ देऊन काढलेल्या कुठल्याही चित्रापेक्षा बोलकं वाटतं. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते बऱ्याचदा याच जागी, खांद्यांवरच्या उंचवट्यापाशी. तिथे हात ठेवणारा माणूस घोड्याच्याच भाषेत बोलत असतो. कपाळावर ओठ टेकवणारा माणूस मात्र माणसाच्या भाषेत बोलतो, आणि तोही नेमका घोड्याला न दिसणाऱ्या जागेतून.

जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराचं 1800 च्या सुमाराचं एक मोठं चित्र आहे. त्यात हॅम्बलटोनियन नावाचा शर्यतीचा घोडा शर्यतीनंतर दाखवलेला आहे, थकलेला. जिंकून देणारा स्वार चित्रात नाहीच. आहेत ते प्रशिक्षक आणि घोड्याला पुसणारा मुलगा. विजयाचा क्षण सोडून नंतरची दमणूक निवडली, म्हणून ते चित्र वेगळं ठरतं. सांगायचं एवढंच की स्वार खाली उतरलेला असला, किंवा नसलाच, तरी नात्याचं चित्र होऊ शकतं.

चालता घोडा काढायचा असेल तर चालीचा हिशेब पक्का हवा. साध्या चालीत चार पाय चार वेगवेगळ्या वेळी टेकतात: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. या चालीत दोन किंवा तीन पाय कायम जमिनीवर असतात. दुडकीत तिरक्या जोड्या एकत्र उचलल्या जातात, म्हणजे पुढच्या डाव्याबरोबर मागचा उजवा. त्यानंतरची तीन ठेक्यांची चाल आणि मग चौखूर धाव.

धावेचा एक जुना घोटाळा प्रसिद्ध आहे. थिओडोर जेरिको या फ्रेंच चित्रकाराच्या 1821 च्या एप्सम शर्यतीच्या चित्रात सगळे घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगतात. 1878 मध्ये एडवर्ड मायब्रिजने धावत्या घोड्याचे लागोपाठ फोटो काढले तेव्हा दिसलं की चारही पाय हवेत असतात तो क्षण पाय पोटाखाली गोळा झालेले असतानाचा असतो. म्हणजे जेरिकोचे घोडे चुकीचे. तरीही ते धावतात, आणि फोटोवरून मोजूनमापून काढलेले अनेक घोडे गोठल्यासारखे दिसतात. माझं मत असं की पाय बरोबरच काढावेत, पण धावेच्या चक्रातला कोणता तुकडा घ्यायचा हे डोळ्याला विचारावं. एक पाय नुकताच टेकला आहे आणि बाकीचे येत आहेत, हा तुकडा सहसा सगळ्यात जिवंत दिसतो.

घोडा मोजून घ्या

डोक्याची लांबी हे माप धरा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत साधारण अडीच डोकी. जमिनीपासून मानेच्या मुळाजवळच्या उंचवट्यापर्यंतही अडीच. म्हणजे बाजूने पाहिलेला उभा घोडा जवळपास चौरसात बसतो. आधी तो चौरस फिकट काढा. छातीचा तळ उंचीच्या निम्म्यावर येतो. जातीप्रमाणे यात फरक पडतो, पण सुरुवातीला हेच माप हाताशी ठेवा.

आता माणूस. घोड्याच्या डोक्याची लांबी सुमारे 60 सेंटीमीटर असते, म्हणजे बसलेल्या माणसाच्या बैठकीपासून खांद्यापर्यंतच्या उंचीइतकी. माणसाचं डोकं घोड्याच्या डोक्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडंच मोठं. नवख्या चित्रांत हमखास स्वाराचं डोकं मोठं होतं, कारण आपल्याला माणसाचा चेहरा महत्त्वाचा वाटतो. मग घोडा तट्टू दिसू लागतो.

हाडांविषयी दोन गोष्टी पुरेशा आहेत. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो तो खरं तर घोड्याचं मनगट आहे, मागच्या पायाचा मागे वळलेला कोन ही टाच आहे, आणि खूर म्हणजे एका बोटाचं नख. हे एकदा ध्यानात आलं की पाय उलटे वाकत नाहीत. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या जास्त जवळची आहे. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी जोडलेले असतात, आणि छाती दोन खांद्यांच्या मध्ये झोळीसारखी टांगलेली असते. पाठीवर माणूस बसतो तेव्हा ही झोळीच भार झेलते. उभ्या घोड्याचं तसंही सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. म्हणून स्वार पुढे झुकला की पुढचे पाय, खांदे आणि मान भाराखाली दिसायला हव्यात. स्वार ताठ आणि तोलात बसला, घोडा तयार असला, तर मागचे पाय पोटाखाली सरकतात आणि पुढचा भाग हलका होतो. स्वाराचं वजन घोड्याच्या पायांत वाचता यावं, ही या सबंध पायरीची कसोटी.

याचा खोलात अभ्यास करायची हौस असेल तर वर ज्याचा उल्लेख आला तोच स्टब्ज आठवा. हॉर्कस्टो नावाच्या खेड्यात राहून त्याने सुमारे 18 महिने मेलेल्या घोड्यांचं विच्छेदन करत रेखाटनं केली आणि 1766 मध्ये घोड्याच्या शरीररचनेवरचं पुस्तक काढलं. आपल्याला तेवढं करायची गरज नाही. त्या धर्तीच्या चांगल्या आकृत्या समोर ठेवून सांगाडा काही वेळा उतरवला तरी हात बसतो.

मांड: इथे वेळ घालवा

सगळ्या चित्राचा जीव इथे आहे, म्हणून घाई करू नका.

घोडा फिकट रेषेत उभा राहिला की स्वाराची एक उभी रेषा टाका: कान, खांदा, कंबरेचा सांधा, टाच. साध्या बैठकीत हे चारही बिंदू एका ओळीत येतात. ही रेषा मानेच्या मुळाच्या किंचित मागे, पाठीच्या सर्वांत खोलगट जागी उतरली पाहिजे. ती मागे सरकली तर स्वार घोड्याच्या कंबरेवर बसलेला दिसतो, आणि खुर्चीत बसल्यासारखे त्याचे पाय पुढे जातात. शर्यतीचा स्वार, उडी मारणारा स्वार, चढावर झुकलेला स्वार यांची रेषा मोडते, पण त्यांचाही तोल पावलांवरच असतो: रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, उभी रेषा वर नेली तर धडाचं वजन तिच्या दोन्ही बाजूंना वाटलेलं दिसावं.

मग खोगीर. त्याची जाडी काढा, आणि स्वार खोगिराच्या आत बसला आहे असं काढा. सरळ रेषेवर टेकवलेला माणूस आणि खोलगट जागेत रुतलेला माणूस यांत फार फरक पडतो. मांडी खोगिरावर पसरते, चपटी होते. पायघोळ वस्त्राला गुडघ्याच्या मागे वळ्या पडतात. पोटरी तंगाच्या, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या, जरा मागे घोड्याच्या पोटाला लागते. ती नुसती लागलेली आहे, दाबली आहे की लांब आहे, हे तुम्ही ठरवायचं, कारण त्या तीन स्थितींत तीन वेगळी वाक्यं आहेत: ‘मी आहे’, ‘चल’ आणि ‘मला तुझ्याशी काही देणंघेणं नाही’. पोटरी आणि पोट यांच्यामधली ती अरुंद फट काढता आली की अर्धं काम झालं.

समोरून किंवा मागून काढत असाल तर लक्षात ठेवा की घोड्याचं धड रुंद, पिंपासारखं गोल असतं. मांड्या त्यावरून फाकतात आणि गुडघे बाहेर येतात. सायकलवर बसल्यासारखे समांतर पाय काढले की घोडा कागदाचा होतो.

रिकीब प्रत्येक चित्रात असायलाच हवी असं नाही. रोममधल्या सम्राट मार्कस ऑरेलियसच्या ब्राँझच्या पुतळ्यात ती नाही, कारण त्या काळी रोमनांकडे रिकीबच नव्हती. पाय मोकळे लोंबतात, पावलाचं टोक खाली झुकतं. प्राचीन काळचा विषय घेतलात तर हा तपशील सांभाळा. आजचा उघड्या पाठीवरचा स्वार काढायचा असेल तरी त्याच पुतळ्याचा पाय पाहून घ्या. मांड पक्की असली की लोंबता पायही शांत दिसतो.

चालीप्रमाणे मांड बदलते. साध्या चालीत कंबर मागेपुढे हलते. दुडकीत पाठ खालून धक्के देते, म्हणून स्वार अनेकदा एका ठोक्याला उठतो, पुढच्याला बसतो. उठलेला क्षण काढलात तर खोगीर आणि माणूस यांच्यात थोडी फट दिसू द्या, गुडघा मात्र चिकटलेलाच. भरधाव धावेत स्वार खोगिरावरून उचललेला असतो आणि त्याची पाठ घोड्याच्या मानेशी जवळजवळ समांतर होते. ही समांतर रेघ चित्रात फार उपयोगी पडते. दोन शरीरं एकच दिशा धरतात आणि काही न सांगता एक होतात.

लगाम म्हणजे एक रेष, पण दोन टोकांची

बाजूने पाहताना कोपर, मूठ आणि घोड्याच्या तोंडातली लगामाची कडी एका सरळ रेषेत येतात. सुरुवात याच रेषेपासून करा. मग तिचा ताण ठरवा. ताठ पण हलकी रेष म्हणजे दोघंही ऐकत आहेत. मोठा झोल म्हणजे विश्वास किंवा दुर्लक्ष. यांतलं कोणतं, ते कान सांगेल. ताणलेली, मनगट मोडून वर ओढलेली रेष म्हणजे भांडण.

तोंडाकडे बघा. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. त्यामुळे दमलेल्या घोड्याचं तोंड कुत्र्यासारखं उघडं नसतं. नाकपुड्या फुललेल्या असतात. लगाम घातलेल्या घोड्याचं तोंड आ वासलेलं असेल तर बहुधा ते ओढीला विरोध करतं आहे. युद्धाच्या आणि राजांच्या जुन्या चित्रांत उघडी तोंडं शौर्य म्हणून काढली गेली. प्रेमाचं चित्र काढताना तीच सवय हातातून उतरली, तर चित्र तुमच्या नकळत उलटं बोलू लागतं.

हाताचं महत्त्व बघायचं असेल तर अथेन्समधल्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या शिल्पपट्टीतले स्वार पाहा. त्यांचे लगाम धातूचे होते, वेगळे बसवलेले. ते केव्हाच नाहीसे झाले, उरली आहेत फक्त बसवण्यासाठी पाडलेली भोकं. तरीही कोणता स्वार घोडा आवरतो आहे आणि कोणी मोकळा सोडला आहे हे मुठीवरून आणि घोड्याच्या मानेवरून कळतं. यातून एक चांगला सराव निघतो. लगाम न काढता चित्र पूर्ण करा आणि बघा, तो कुठे असणार हे कळतं का. कळत नसेल तर मूठ किंवा मान चुकली आहे. लगाम काढून ती चूक फक्त झाकली जाईल.

कान, डोळा आणि बाकीचा चेहरा

घोड्याचे कान एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात. एक पुढे वाटेकडे आणि एक मागे स्वाराकडे, ही स्थिती नात्याच्या चित्रासाठी सोन्यासारखी आहे. दोन्ही पुढे टवकारलेले असतील तर लक्ष समोर आहे. दोन्ही सैलसर बाजूंना पडले असतील तर घोडा आरामात आहे. मानेला चिकटवून मागे दाबलेले कान म्हणजे राग. मागे वळलेला कान आणि मागे दाबलेला कान यांत गल्लत फार होते: ऐकणाऱ्या कानाचं भोक मागे वळलेलं पण कान उभा असतो, रागावलेला कान आडवा पडतो आणि भोक दिसेनासं होतं.

शांत घोड्याची पापणी मऊ, नाकपुडी सैल, खालचा ओठ जरासा लोंबता. ताण आला की डोळ्याच्या वर त्रिकोणी सुरकुती उठते, ओठ आवळतात. डोळ्याचं पांढरं दिसू लागलं तर बहुतेक घोड्यांत ती भीती समजली जाते, म्हणून चमक आणण्यासाठी तिथे पांढरा रंग टाकू नका. बाहुली आडवी, लांबट असते. माणसासारखी गोल काढली की घोडा नाटकातला दिसतो. मान आणि शेपूट याच बोलण्यात सामील असतात: सैल डुलणारी शेपूट आणि मांडीत दाबलेली शेपूट एकाच घोड्याच्या दोन वेगळ्या मनःस्थिती आहेत.

स्वाराची नजर घोड्याच्या कानांमधून पुढे जाऊ द्या. खाली मानेकडे बघणारा स्वार भावुक वाटतो, पण चालत्या घोड्यावर तो तोल घालवतो. नेपोलियनच्या आल्प्स ओलांडण्याच्या झाक-लुई दाविद या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रात (1801) स्वार थेट आपल्याकडे पाहतो, घोडा डोळे फिरवून उधळल्यासारखा उभा. सत्तेचं चित्र म्हणून ते जबरदस्त आहे. तिथे घोडा साथीदार नसून चौथरा आहे. प्रत्यक्षात नेपोलियनने तो घाट खेचरावरून ओलांडला होता, आणि पुढे डेलारोश या दुसऱ्या चित्रकाराने ते खेचरच रंगवलं. त्या साध्या, थंडीने आखडलेल्या जोडीत मला नातं जास्त दिसतं.

चौकट

संपूर्ण घोडा दाखवलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. मूठ, मानेचा खालचा भाग आणि मागे वळलेला एक कान एवढ्यावर उत्तम चित्र होतं. पूर्ण जोडी दाखवायची असेल तर चित्र कुठे टांगलं जाणार याचा विचार करा. वेलाझ्केझ या स्पॅनिश चित्रकाराने लहान राजपुत्र बाल्तासार कार्लोसला घोड्यावर रंगवलं ते दालनातल्या दाराच्या वर लावण्यासाठी. म्हणून समोरासमोर पाहिलं की घोड्याचं पोट अवाढव्य वाटतं. खालचा दृष्टिकोन घेतला की स्वार थोर होतो आणि नातं दुरावतं. डोळ्यांची पातळी घोड्याच्या खांद्याजवळ ठेवलीत तर दोघंही बरोबरीने वाट्याला येतात.

तुटलेलं नातंही विषय होऊ शकतं. मारिनो मारिनी या इटालियन शिल्पकाराने दुसऱ्या महायुद्धानंतर घडवलेल्या स्वारांत घोडा ताठरत जातो आणि माणूस पाठीवरून सुटत जातो. जवळीक कशाने दिसते हे शिकायला ही शिल्पं फार कामाची आहेत, कारण तिथे तीच सूत्रं उलटी केलेली आहेत.

छटा, कडा, रंग

घोडा आधी पूर्ण रंगवून मग स्वार, असं करू नका. दोघांच्या सावल्यांचा एकच मोठा आकार पहिल्या हातात भरा. स्वाराच्या पायाची सावली घोड्याच्या कुशीवर पडते, ती न विसरता घ्या. ती दोघांना शिवते. जिथे शरीरं टेकतात, म्हणजे मांडी आणि खोगीर, पोटरी आणि पोट, तिथली कड विरघळू द्या. तीक्ष्ण कड दोनच ठिकाणी राखा: कानाशी आणि मुठीशी. बघणाऱ्याची नजर त्या दोन टोकांमध्ये ये-जा करेल.

रंगात एकमेकांचा रंग एकमेकांवर पडू द्या. तांबूस घोड्याच्या कुशीचा उजेड स्वाराच्या बुटाच्या आतल्या बाजूला येतो. काळ्याभोर, तुकतुकीत घोड्याच्या पाठीवर आकाश निळसर उतरतं. तिथे पांढरा मिसळून करडा केला की चमक मरते. पांढरे दिसणारे बहुतेक घोडे जन्मतः गडद असतात आणि वयाबरोबर पांढरे होतात, त्यांची कातडी काळसरच राहते. म्हणून नाकपुडी, डोळ्याभोवती आणि मांडीच्या आत राखाडी रंग हवा.

तपासणी, आणि काय सोडायचं

चित्र आरशात बघा. तोल चुकला असेल तर लगेच टोचतो. मग स्वारावर कागद ठेवून झाका. उरलेल्या घोड्याच्या पायांवरून, पाठीवरून आणि कानावरून कोणीतरी वर बसलं आहे हे कळायला हवं. आता घोडा झाका. स्वाराच्या धडावरून कोणती चाल आहे ते सांगता यायला हवं. शेवटी जो स्वतः घोड्यावर बसतो अशा एखाद्याला दाखवा आणि ‘आवडलं का’ असं विचारू नका. ‘पुढच्या क्षणी हा घोडा काय करेल?’ असं विचारा. उत्तर चटकन आलं तर चित्र तयार आहे. तो अडखळला तर बहुतेक वेळा दुरुस्ती स्वाराच्या बैठकीच्या रेषेत किंवा घोड्याच्या कानात निघते.

आयाळीचे केस, बकला, खोगिरावरची शिवण, सोनेरी कडा हे सगळं शेवटच्या दिवसासाठी ठेवा, आणि त्या दिवशीही निम्मंच काढा. मांड आणि मूठ बरोबर असतील तर बकल नसल्याचं कुणाच्या ध्यानात येत नाही.